उटण्यात काय काय आहे?



दिवाळी अजून दोन महिने दूर आहे, पण मंडळाच्या दिवाळीची तयारी गेल्या रविवारी सुरू झाली. नेहमीप्रमाणे एका सभासदांच्या घरी बैठक भरली, नेहमीप्रमाणे पहिला अर्धा तास फराळाच्या यादीवर गेला आणि नेहमीप्रमाणे खरा वाद निघाला तो शेवटच्या पाच मिनिटांत, चपला घालता घालता. वादाचा विषय होता उटणे.

दरवर्षी आपण स्वयंसेवक मंडळी उटण्याची पाकिटे भरतो. गेल्या वर्षी दीडशेच्या आसपास भरली होती. पाकिटामागे दोन डॉलर आले की मुलांच्या बक्षिसांचा खर्च सुटतो. यंदा आपल्या एका उत्साही सभासदांनी सुचवले की उटण्यात 'वाइल्ड रोझमेरी'चे तेल मिसळावे. बाटलीही त्यांनी सोबत आणली होती. तपकिरी काचेची, सुबक, वर हिरवी डहाळी आणि खाली 'शंभर टक्के नैसर्गिक' अशी अक्षरे. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. आपली मुले इथे वाढली. त्यांना उटण्याचा वास देवघरासारखा वाटतो आणि अभ्यंगस्नानाच्या पहाटे ती नाके मुरडतात. ओळखीचा वास असला तर आनंदाने लावून घेतील, असा त्यांचा मुद्दा. सांगलीहून लेकीकडे आलेल्या एक आजी कोपऱ्यात बसून हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या बाटलीत काय आहे ते ह्यांना विचारा की, ते रसायनातले आहेत."

आम्ही रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली त्याला आता काही वर्षे झाली. मंडळात या पदवीचे दोनच उपयोग आहेत. सत्यनारायणाला कोणाचे गुडघे दुखत असले की "तुम्ही डॉक्टर ना?" म्हणून आम्हाला विचारतात, आणि कसलीही बाटली आली की ती आमच्या हातात देतात. बाटली हातात आली. सगळे म्हणाले, "चांगली की वाईट, एका शब्दात सांगा." आम्हाला सांगता आले नाही. एका शब्दात सांगण्यासारखे ते नव्हतेच, आणि शिवाय मागच्या दिवाळीची एक गोष्ट आमच्या मनात घोळत होती. ती बैठकीत बोलवली नाही, म्हणून इथे लिहितो.

मागच्या वर्षी अभ्यंगस्नानाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हाला एका वहिनींचा फोन आला. त्यांच्या पावणेदोन वर्षांच्या मुलाच्या मानेवर आणि काखेत लाल चट्टे उठले होते. त्या दवाखान्यात निघाल्या होत्या. डॉक्टर विचारतील म्हणून त्यांनी आम्हाला एकच प्रश्न केला, "उटण्यात काय काय होतं हो?" पाकिटे आम्हीच भरली होती. आम्ही सांगू लागलो: हळद, चंदन, वाळा, नागरमोथा... आणि तिथेच थांबलो. अर्धी पूड कोणीतरी पुण्याहून येताना आणली होती, अर्धी इथल्या लिटल इंडियातून घेतली होती, आणि दोन्ही एका मोठ्या पातेल्यात कालवून आम्ही पाकिटे भरली होती. कशात काय होते याची नोंद कोणाकडेच नव्हती.

चट्टे तीन दिवसांत गेले. ते उटण्याने आले, नव्या झब्ब्याच्या जरीने आले की आणखी कशाने, हे शेवटपर्यंत कळले नाही. यादीच नव्हती तर कळणार कसे? वहिनी आम्हाला काही बोलल्या नाहीत. उलट परवाच्या बैठकीला डबाभर शंकरपाळे घेऊन आल्या. आम्हाला मात्र ते फार लागले. प्रयोगशाळेत आम्ही साध्या पाण्याच्या बाटलीवरसुद्धा नाव आणि तारीख घातल्याशिवाय ती कपाटात ठेवत नाही. आणि आपल्याच लेकराबाळांच्या अंगाला लावायची वस्तू आम्ही दीडशे घरांत बिननावाची धाडली.

तेव्हा आधी ती बाटली पाहू, मग आपले पाकीट.

'वाइल्ड रोझमेरी' म्हणजे रानटी रोझमेरी. पण हे नाव एका झाडाचे नाही. भूमध्य समुद्राच्या काठच्या कोरड्या खडकाळ उतारांवर आपोआप वाढणारी खरी रोझमेरी हे एक. शास्त्रज्ञ तिला पूर्वी रोझमरायनस ऑफिसिनॅलिस म्हणत. २०१७ पासून तिला साल्वियाच्या गोतात घेऊन साल्विया रोझमरायनस म्हणू लागले आहेत. दुसरे झुडूप दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातले, एरिओसेफॅलस आफ्रिकानस. तेही तिथे वाइल्ड रोझमेरी म्हणूनच ओळखले जाते, पण त्याचे कूळ सूर्यफुलाचे, आणि तेलातली द्रव्ये वेगळी. तिसरे उत्तर युरोपातल्या थंड दलदलीत वाढते. ते ऱ्होडोडेंड्रॉनच्या जातीचे असून त्यातले लेडॉल हे द्रव्य विषारी आहे. तीन झाडे, तीन कुळे, नाव एक. आमच्या हातातल्या बाटलीवर हिरव्या डहाळीचे चित्र होते, पण यांपैकी कोणते झाड ते लिहिलेले नव्हते.

यावर हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या उटण्याच्या सामानात तरी दुसरे काय आहे? आंबेहळद, रानहळद, कचोरा आणि कपूरकाचरी ही चार नावे घेऊन चार दुकानांत जावे, म्हणजे कळते. एका नावाने दोन कंद मिळतात आणि एक कंद दोन नावांनी मिळतो. आपले तमिळ शेजारी अंगाला लावायच्या पिठात कस्तुरी मंजळ घालतात. तीही एक रानहळदच, आणि तिच्या नावाखाली कचोऱ्याची पूड सर्रास विकली जाते. सेरंगून रोडवर काचेच्या बरण्यांत त्या पुडी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. रंगावरून ओळखू म्हणाल तर आम्हालाही ओळखता येणार नाहीत. म्हणून पहिला नियम हा की झाडाचे शास्त्रीय नाव पाहिजे. ते लॅटिन नाव मिरवण्यासाठी नसते. सांगलीच्या आजी आणि टेक्का मार्केटमधला दुकानदार एकाच मुळीबद्दल बोलत आहेत ना, एवढे त्यावरून ठरते.

आता खऱ्या रोझमेरीबद्दल बोलू, कारण तिच्यात गुण नाहीत असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. ती तुळशीच्या कुळातली. पुदिना, सब्जा आणि आपला मरवा हे तिचे भाऊबंद. तिच्या पानांत रोझमॅरिनिक आम्ल असते. दोन इटालियन रसायनशास्त्रज्ञांनी ते १९५८ साली प्रथम वेगळे काढले आणि रोझमेरीवरून त्याला नाव दिले. हेच आम्ल पुदिन्यात, मरव्यात आणि आपल्या गॅलरीतल्या तुळशीतही असते. शिवाय तिच्यात कार्नोसिक आम्ल असते, आणि ते तेलात विरघळते. तेल हवेने खवट होते ती क्रिया कार्नोसिक आम्ल थोपवून धरते. म्हणूनच युरोपात रोझमेरीच्या अर्काला २०१० पासून खाद्यपदार्थांतही ई ३९२ या क्रमांकाने परवानगी आहे. केसांच्या बाबतीत सांगायचे तर २०१५ साली इराणमधल्या डॉक्टरांनी शंभर टक्कलग्रस्तांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पन्नास जणांना रोझमेरीचे तेल, पन्नास जणांना दोन टक्के मिनॉक्सिडिल. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत काही फरक नव्हता, सहा महिन्यांनी दोन्हींत केस थोडे वाढले. नुसते साधे तेल लावणारा तिसरा गट मात्र त्यात नव्हता, त्यामुळे एवढ्यावरून फार उड्या मारू नयेत. तरीही हा अभ्यास झाला, ही चांगलीच गोष्ट आहे.

घोटाळा होतो तो पुढे. खवटपणा थांबवणे वेगळे आणि बुरशी व जंतू थांबवणे वेगळे. रोझमेरीचा अर्क पहिले काम करतो, दुसरे करत नाही. हे आम्ही पुस्तकात वाचले होते, तरी एकदा घरी मोह झाला. बाजारच्या क्रीमवरची लांबलचक नावे नकोत म्हणून खोबरेल तेल, मेण आणि गुलाबपाणी घोटून घरीच क्रीम केले आणि टिकावे म्हणून त्यात रोझमेरीचा अर्क घातला. अकराव्या दिवशी झाकण उघडले तर कडेने काळी बुरशी. सिंगापूरच्या हवेत सरासरी आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. इथे चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, मग गुलाबपाण्याच्या क्रीमचे काय घेऊन बसलात! पाणी असलेल्या कोणत्याही लेपाला जंतुरोधक लागतोच. तो बाटलीत असला म्हणजे कंपनीने आपल्याला विष विकले, असे नसते. उलट तो नसेल तर जरा काळजी करावी. पाणी हेही रसायनच आहे, तेव्हा 'केमिकल-फ्री' या शब्दाला आमच्या विषयात काही अर्थ नाही. घरातल्या मंडळींनी ती डबी फेकली आणि आमच्या डॉक्टरेटबद्दल जे काही बोलायचे ते बोलून घेतले.

दुसरा घोटाळा प्रमाणाचा. वाळलेल्या रोझमेरीतून साधारण एक ते दोन टक्के तेल निघते. म्हणजे दहा मिलिलिटरच्या त्या इवल्याशा बाटलीत अर्धा ते एक किलो पाला आटवून भरलेला असतो. एक किलो पाला कोणी अंगाला चोळत नाही. पान नैसर्गिक आहे म्हणून तेलही तितकेच सौम्य असेल हे म्हणणे, ऊस गोड आहे म्हणून पोतेभर साखर खायला हरकत नाही असे म्हणण्यासारखे आहे. त्या तेलात सिनिओल असते, पायनीन असते आणि कापूरही असतो. झाड कोणत्या प्रदेशातले आहे त्यावर कापराचे प्रमाण बदलते. काही तेलांत ते पाचव्या हिश्शापर्यंत जाते. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, म्हणून आरतीच्या कापराची डबी आपण उंच ठेवतो, निदान ठेवावी. आणि सुगंधी तेलांतली काही द्रव्ये, उदाहरणार्थ लिमोनीन आणि लिनालूल, हवा लागून जुनी झाली की त्वचेला जास्त चावतात. अर्धवट वापरलेली जुनी बाटली ही नव्या बाटलीपेक्षा अधिक त्रासाची, ती याच कारणाने.

पण वाचकहो, हे सगळे त्या परक्या बाटलीबद्दल बोलून आम्ही थांबलो तर तो अन्याय होईल. आता आपल्या पाकिटाकडे वळू.

काही घरांच्या उटण्यात बावची असते. बावचीच्या बियांत सोरालेन असते. त्वचेवर ते असताना ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होते आणि पुढे काळे डाग राहतात. आयुर्वेदात कोडावर बावची लावून उन्हात बसवतात ते याच गुणामुळे. आधुनिक वैद्यकातही कोडाचा एक उपचार, सोरालेन देऊन अतिनील प्रकाश टाकण्याचा, याच तत्त्वावर उभा आहे. म्हणजे बावची निकामी नाही. ती औषध आहे, आणि औषधाला ऊन किती, वेळ किती हे पाहावे लागते. सांगली-सातारच्या दिवाळीतले कोवळे ऊन वेगळे आणि विषुववृत्तापासून जेमतेम एका अंशावरचे आपले ऊन वेगळे. इथे निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक अकराच्याही वर जातो. उटणे लावून, नवे कपडे घालून मुले खाली मैदानात दुपारभर खेळतात, तेव्हा हे लक्षात घ्यायला हवे.

मेंदीचेही तसेच. मेंदीइतकी आपली वस्तू दुसरी कोणती? पण ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असते, अशा काही बाळांना मेंदी लावल्यावर त्यांच्या तांबड्या पेशी फुटल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. मेंदीचा जो रंग चढतो त्याच लॉसोन या द्रव्याचा हा परिणाम. या बाबतीत आपण सिंगापूरचे आभार मानायला हवेत. इथे १९६५ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाची ही तपासणी होते आणि निकाल पालकांना कळवतात. डांबराच्या गोळ्या घरात ठेवू नका असे ज्यांना सांगितले असेल, त्यांनी बारशाच्या मेंदीचाही विचार करावा आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच ती लावावी. आजीला वाईट वाटेल, पण तिला कारण सांगितले तर वाटणार नाही.

हे वाचून कोणी म्हणेल की एवढे शिकून इथे आलात आणि आता आमच्या परंपरेच्या चुका काढायला बसलात. तसे नाही, आणि का नाही ते सांगतो.

१९९५ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट दिले. विषय काय, तर जखम भरण्यासाठी हळद वापरणे. आपल्याकडे गुडघा फुटला की आई आधी हळदीचा डबा काढते आणि मग ओरडते; त्या हळदीचे पेटंट! तेव्हा भारताच्या सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलमध्ये जन्मलेले. त्यांच्या संस्थेने १९९६ मध्ये त्या पेटंटाला आव्हान दिले. "आमच्या आजीला हे माहीत होते" एवढे सांगून ते काम होण्यासारखे नव्हते. त्यांनी बत्तीस लेखी पुरावे पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक निबंधही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुढे २००१ पासून भारताने आपल्या पारंपरिक ज्ञानाची संगणकावर पद्धतशीर नोंद करायला घेतली, ती या अनुभवातून.

आम्हाला या गोष्टीचा अभिमान आहे, पण त्यातून घ्यायचा धडा फारसा कोणी घेत नाही. हळद वाचली ती कोणीतरी लिहून ठेवले होते म्हणून. आपले उटणे मात्र आपण इथे बिननावाच्या पाकिटात भरतो आहोत.

हे आम्हाला नीट कळले ते बैठकीनंतर, जिन्यात. सांगलीच्या आजी आमच्याबरोबर खाली उतरत होत्या. आम्ही विचारले, "आजी, तुमच्या उटण्यात बावची असते का?" त्या थबकल्या. म्हणाल्या, "मोठ्यांच्या असते, थोडीशी. तान्ह्याच्या अंगाला ती लावायचीच नसते. बाळाला नुसतं मसुराचं पीठ आणि साय. हळद तेवढी चिमूटभर. वासाचं काही नाही घालायचं त्यात. दोन डबे वेगळे असायचे आमच्याकडे."

आम्ही जिन्यातच उभे राहिलो. वर आम्ही पंधरा जण वाद घालत होतो आणि उत्तर कोपऱ्यात बसले होते. कोणासाठी काय, किती आणि केव्हा, हे सगळे आजींच्या जवळ होते. आपली परंपरा बेसावध नव्हती. तिचे पाकीट करताना आपण पुडी घेतल्या आणि त्यांबरोबरचे सांगणे मागे ठेवून आलो. दोन डब्यांचा एक डबा झाला. परवाच्या बैठकीत आपण त्या एका डब्यातही बाटलीतले तेल ओतायला निघालो होतो.

आणखीही एक गोष्ट आजींनीच लक्षात आणून दिली. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे दिवाळीला थंडी पडते, अंग उलतं. म्हणून आधी तेल जिरवायचं आणि मग उटणं. इथे तर घामच निथळतोय." खरेच आहे. अभ्यंगस्नान कोरड्या थंडीच्या तोंडावर येते, आणि तेलाचा थर त्वचेतला ओलावा धरून ठेवतो. आपल्याकडे इथे त्या सुमारास पावसाळा तोंडावर असतो. तेल बेताने लावावे, मानेच्या आणि काखेच्या घड्यांत उटणे राहू देऊ नये, भरडसर पूड मुलांच्या अंगावर रगडू नये. आणि ओल लागलेली पूड, मग ती कितीही शुद्ध असो, सरळ फेकून द्यावी. पुण्याहून गणपतीत आणलेली पिशवी दिवाळीपर्यंत ओट्याखाली राहिली तर तिच्यात बुरशी धरणारच.

राहिला कायद्याचा प्रश्न. सिंगापूरमध्ये २००८ पासून विक्रीच्या प्रत्येक सौंदर्यप्रसाधनाची आगाऊ सूचना हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीला द्यावी लागते. घटकांची यादी, माल बाजारात आणणाऱ्याचे नाव, तुकडीचा क्रमांक आणि उत्पादनाची किंवा मुदतीची तारीख वेष्टनावर छापावी लागते. ही पद्धत साऱ्या आसियान देशांनी मिळून ठरवलेली आहे. आपण दोन डॉलर घेऊन पाकीट देतो तेव्हा ही विक्रीच झाली. "आपल्यातल्या आपल्यात आहे, कोण पाहतंय" हे म्हणणे आम्हाला शोभणारे नाही. पण आम्ही कायद्याचा धाक घालत नाही. उद्या कायदा नसता, तरी त्या वहिनींचा फोन होताच.

तेव्हा आमचे मत आम्ही स्पष्ट मांडतो. कार्यकारिणीला पटले तर घ्यावे, न पटल्यास पुढच्या अंकात आमचा समाचार घ्यावा.

पहिले म्हणजे यंदा उटण्यात कोणतेही सुगंधी तेल घालू नये, रोझमेरीचे नको आणि चंदनाच्या नावाने मिळणारेही नको. ज्यांना रोझमेरी आवडते त्यांनी आपल्या घरी, आपल्या अंगाला जरूर वापरावी. नीट नाव लिहिलेली बाटली घ्यावी, साध्या तेलात टक्काभर मिसळावी, म्हणजे शंभर मिलिलिटरला वीसेक थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. लहान मुलांपासून बाटली दूर ठेवावी.

दुसरे म्हणजे तयार पाकिटे विकणे थांबवावे. बक्षिसांसाठी लागणाऱ्या तीनशे डॉलरची सोय दुसरी करता येईल. आम्ही पुस्तकांचा बाजार भरवायला तयार आहोत. त्याऐवजी दिवाळीआधीच्या रविवारी सगळ्यांनी मिळून उटणे कालवावे. प्रत्येक जिन्नस वेगळ्या थाळीत, थाळीपुढे चिठ्ठी, चिठ्ठीवर मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि कुठून कधी आणले ते. ज्याने त्याने आपल्या घरापुरते, आपल्या माणसांना मानवेल ते घ्यावे. थाळ्या दोन ओळींत असाव्यात, एक मोठ्यांची आणि एक बाळांची. बाळांच्या ओळीत मसुराचे पीठ आणि हळद एवढेच.

तिसरे, आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. हिवाळ्यात किंवा बाळंतपणाला आपल्याकडे आया, सासवा, आत्या येतात. त्या परत जाण्याआधी त्यांच्या उटण्याची, शिकेकाईची, बाळाच्या धुरीची कृती लिहून घ्या. नुसते जिन्नस लिहू नका. कोणाला लावायचे नाही, हेही विचारा. आम्ही सुरुवात केली आहे. आजींचे माप पसा, मूठ आणि चिमूट असे आहे. गेल्या शनिवारी आम्ही स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पसाभर मसुराचे पीठ काट्यावर ओतले आणि आकडा पाहून म्हणाल्या, "बघा, एवढं शिकून शेवटी माझा पसाच मोजायला आलात." त्यांची संपूर्ण कृती पुढच्या अंकात देऊ, ग्रॅममध्ये आणि पशातही.

आमच्या गॅलरीत रोझमेरीच्या तीन कुंड्या आजवर दगावल्या. तिला कोरडी हवा लागते, मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. शेजारची तुळस मात्र या दमट हवेत तरारून वाढते आहे. याचा अर्थ तुळस चांगली आणि रोझमेरी वाईट असा कोणी काढू नये. कुठली वस्तू कुठे मानवते ते पाहून लावावी, एवढाच अर्थ.

परवा त्या वहिनी भेटल्या. यंदा मुलाला उटणे लावणार का, असे आम्ही भीत भीत विचारले. त्या म्हणाल्या, "लावणार की! फक्त या वेळी काय आहे ते आधी सांगा."

या वेळी सांगू.

आपली मते आणि घरच्या कृती या महिनाअखेरपर्यंत कार्यकारिणीकडे पोचत्या कराव्यात. अक्षर ठळक असावे. झेरॉक्समध्ये पेन्सिल उमटत नाही.